दुसरा ब्रेक

माझ्या पायाखाली एक ब्रेक जास्तीचा आहे.
गाडी शिकणाऱ्याच्या हातात, रस्ता सरकारचा,
तेवढा ब्रेक माझा.
बावीस वर्षांत उजव्या टाचेला त्याचा घट्टा पडलाय.

आत्राम ड्रायव्हिंग स्कूल, मानेवाडा रोड.
सोमवारी शिकवलं, इथून डावीकडे वळायचं नाही.
मंगळवारी त्याच वळणावर हवालदारानं
हात हलवून आम्हाला डावीकडेच काढलं.
पुढल्या आठवड्यात रस्ता एकेरी झाला,
मग पाइपलाइनसाठी खणला,
म्हणजे प्रश्नच मिटला.

वर्धा रोडला खांबावर चाळीसची नवी पाटी.
रंग एकच हात दिलेला.
ऊन कललं की चाळीसच्या आतून
जुने साठ वर येतात,
मेंदी उतरल्यावर भांगातलं पांढरं दिसावं तसे.

"यातला खरा कोणता, मॅडम?"
इंदूताई भोयर विचारतात. वय अठ्ठावन्न,
अंगणवाडीतून मार्चमध्ये निवृत्त,
स्टिअरिंग धरतात ते
पोराला नळाखाली अंघोळ घालताना धरावं तसं.
मी म्हणते, ज्याची पावती फाटते तो खरा.
त्या हसत नाहीत.
"पाचशेक पोरांना शिकवलं हो मी,
लाल म्हणजे थांबा.
मे महिन्यात काय सांगत असतील ती एकमेकांना?"

मे महिन्यात इथे दुपारी
सिग्नल बंदच ठेवतात.
पारा सेहेचाळीसवर,
कायदासुद्धा डोक्याला दुपट्टा गुंडाळून,
खिशात कांदा टाकून
कुठे निंबाखाली पडलेला असतो.

परवा मेडिकल चौकात हिरवी जाळी बांधली.
साडेअकरा झालेले, दिवे अजून चालू.
जन्मात कधी लाल न पाळलेले सगळे
जाळीखाली उभे,
पट्ट्याच्या आत, चाकाला चाक लावून.
दिवा हिरवा झाला. कोणी हलेना.
मागून एक ओरडला,
"काहून थांबून राहिला बे?"
"सावली हाय ना भाऊ."

इंदूताई तेव्हा हसल्या. गाडी बंद पडली.

त्यांना मी प्रज्योतचं सांगितलेलं नाही.
माझाच विद्यार्थी, पहिल्या खेपेला पास झालेला.
आरसे आधी, पट्टा मग, चावी शेवटी,
सगळं मी घोकून घेतलं होतं.
पहाटे वर्धा रोडला साठच्या पाटीखाली साठनेच होता.
समोर सायकल, हँडलला दोन्हीकडे दुधाच्या कॅन.
पंचनाम्यात लिहिलंय, वेग मर्यादेत.
खोटं नाही ते.
त्याच्या गाडीत फक्त
दुसरा ब्रेक नव्हता.

बाराव्या दिवशी रंगारी शिडी घेऊन आला.
मी पलीकडे गाडी लावून बघत बसले.
आधी सहाला पांढरं फासलं,
मग चार काढला,
शून्य तोच ठेवला.

काल इंदूताईंचा शेवटचा तास.
हुडकेश्वरच्या आतल्या रस्त्याला
एका निळ्या भिंतीपाशी त्यांनी
न सांगता गिअर उतरवला. तीस, वीस,
मग चालत्या माणसाइतकी गाडी.
"इथे कुठे पाटी आहे?" मी विचारलं.
"नाही."
"आणि सुट्ट्या लागल्यात, ताई. आत कोणी नाही."
"माहीत आहे ना," म्हणाल्या,
"पण ते फाटक नीट लागत नाही."

भिंत संपेपर्यंत आम्ही तशाच गेलो.
मागे एक ऑटोवाला भोंगा दाबून दाबून थकला.
पुढे वळणावर खाली बघितलं
तर माझा पाय चटईवर होता, आडवा,
चप्पल कधीची सुटून
सीटखाली गेलेली.